साती आसरा आणि पाढ्यांचे पंतोजी

एक होता राजा. राजा म्हटलं की तुम्ही लगेच सरसावून बसता, पण ही गोष्ट राजाची नाही, बरं का. राजा आपला सिंहासनावर बसलाय, तो तिथंच बसू दे. ही गोष्ट त्याच्या गावातल्या पंतोजींची. पंतोजी म्हणजे पूर्वीचे मास्तर. शेंडी एवढी, छडी एवढी, आणि राग त्या दोन्हींपेक्षा लांब.

गावाचं नाव घोकणपूर. त्या गावात जो तो पाढे म्हणायचा. बायका दळताना पाढे म्हणायच्या, गुराखी गुरांमागं पाढे म्हणायचे, न्हावी हजामत करता करता एकोणतिसाचा पाढा म्हणायचा आणि गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसायचं. आणि हे सगळं शिकवलं कुणी? व्यंकूपंत पंतोजींनी. चाळीस वर्षं शिकवलं. पोरांची एक चूक व्हायची नाही. झालीच तर छडी होती.

पंतोजींच्या घरात तिघंच माणसं. ते स्वतः, त्यांची सून सगुणा, आणि सात वर्षांची नात शेवंती. मुलगा राजाच्या कामावर परमुलखात गेलेला. शेवंती म्हणजे पंतोजींचा जीव की प्राण, पण ते कधी दाखवायचे नाहीत. आणि सगुणा कधी शाळेत गेली नव्हती. पंतोजी चारचौघांत म्हणायचे, "आमच्या सूनबाईला पाच बोटांपलीकडे काही येत नाही." आणि हे तिच्यादेखत, बरं का! असं बोलावं का कुणी? पण बोलायचे. ती बिचारी ऐकून घ्यायची आणि चुलीत लाकूड सारायची.

गावाबाहेर एक मोठं तळं होतं. त्या तळ्यात राहायच्या साती आसरा. पाण्याच्या सात बहिणी. हिरवी लुगडी, ओले केस, आणि चालल्या तरी पावलाचा आवाज नाही. म्हणजे असं लोक सांगायचे, पाहिलं कुणीच नव्हतं. दर चैत्रात गाव वाजतगाजत तळ्यावर नैवेद्य न्यायचं. आणि सात बहिणी म्हणून गावातलं सगळ्यात हुशार पोर पायरीवर उभं राहून साताचा पाढा म्हणायचं. अशी शंभर वर्षांची रीत.

त्या वर्षी पाढा म्हणायचा मान आला शेवंतीला.

सकाळी आई वेणी घालत होती तेव्हा शेवंतीनं विचारलं, "आजोबा, सात चोक अठ्ठावीस म्हणजे काय हो?"

पंतोजींनी छडी उचलून दाखवली. "पाढा म्हणायचा असतो. विचारायचा नसतो."

मग सगळे तळ्यावर गेले. ढोल थांबले. राजा छत्रीखाली बसला. शेवंती पायरीवर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, सात चोक..." आणि थांबली!

घोकणपुरात आजवर कुणी मध्येच थांबलं नव्हतं. पंतोजींनी ओठ हलवून दाखवले, अठ्ठावीस, अठ्ठावीस. पण पोरगी पाण्याकडं वाकली आणि म्हणाली, "अठ्ठावीस मला येतं हो. पण ते दिसतं कसं?"

आणि मग काय झालं! तळ्याचं पाणी दुभंगलं. आतून एक आली, दुसरी आली, तिसरी आली, अशा सातही जणी वर आल्या. हिरवी लुगडी, ओले केस. राजाची छत्री धरणाऱ्याच्या हातातून पडली. ढोलवाला ढोलामागं लपला. पंतोजींचं तर तोंड उघडं ते उघडंच.

थोरली आसरा म्हणाली, "शंभर वर्षं आम्ही हे ऐकतोय. शंभर वर्षं एकमेकींना विचारतोय, अगं, हे दिसतं कसं? आज पहिल्यांदा वरच्या माणसानं विचारलं. ही पोरगी आमची."

आणि तिनं शेवंतीचा हात धरला. सगुणा किंचाळली. तेव्हा थोरली म्हणाली, "तीन दिवस देते. रोज दुपारी पंतोजीनं इथं यायचं आणि आम्ही विचारू ते दाखवायचं. म्हणायचं नाही, दाखवायचं. तिन्ही दाखवलीत तर पोर परत. एक जरी चुकलं तर ही आमची आठवी बहीण. मग पुढच्या चैत्रापासून आठाचा पाढा म्हणा!"

पाणी मिटलं. पायरीवर शेवंतीच्या ओल्या पावलांचे दोन ठसे राहिले, ते उन्हात वाळून गेले. सगुणा तिथंच मटकन खाली बसली. त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

पहिल्या दिवशी दुपारी पंतोजी तळ्यावर गेले. डोक्याला पागोटं, हातात छडी. सवयच ती. सातीजणी पायरीवर ओळीनं बसल्या होत्या. थोरली म्हणाली, "सात चोक अठ्ठावीस. दाखव."

पंतोजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "सात एके सात."

टप्! त्यांच्या तोंडातून एक शेंग पडली. वालाची असते ना, तशी. पंतोजी दचकले. "सात दुणे चौदा." टप्! दुसरी शेंग. "सात त्रिक एकवीस." टप्! हसू नका रे, पंतोजींचं काय झालं असेल बघा. ते घाबरून जास्तच भरभर म्हणायला लागले, सात दाहे सत्तरपर्यंत गेले, पायरीवर शेंगांचा ढीग पडला. धाकटी आसरा पुढं आली. तिनं एक शेंग सोलली. आत दाणा नाही. दुसरी सोलली. दाणा नाही. सगळ्या शेंगा सोलल्या. सगळी फोलपटं!

पंतोजींनी डोकं धरलं. चाळीस वर्षं त्यांनी हेच वाटलं होतं, गावाच्या पोराबाळांना. त्यांचे डोळे पांढरे झाले.

"मामंजी," मागून आवाज आला. "मी दाखवू का?"

सगुणा! ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी होती. पंतोजी ओरडले, "तू? तुला काय कळतं यातलं? घरी जा!"

"येऊ दे तिला," थोरली आसरा म्हणाली.

सगुणा पळतच घरी गेली. चैत्र महिना, पापडांचे दिवस. नैवेद्याच्या आदल्या दिवशी गच्चीवर घातलेले उडदाचे पापड तसेच पडले होते, कुणाला सुचतंय उचलायला! ते तिनं टोपलीत भरले, जुनं लुगडं काखेत मारलं आणि तळ्यावर आली. लुगडं पसरलं. एका रांगेत सात पापड मांडले. खाली दुसरी रांग सातांची. मग तिसरी. मग चौथी.

"या सातांच्या चार रांगा," ती म्हणाली. "सात एकदा, सात दोनदा, सात तीनदा, सात चारदा. माझ्या लुगड्याच्या पन्ह्यात सातच बसतात. चार रांगा झाल्या की लाट्या संपतात. मला पाढा येत नाही हो. पण एवढे असतात ते मला ठाऊक आहे."

सातीजणी वाकून वाकून बघायला लागल्या. बोटांनी मोजलं. अठ्ठावीस! पापड दिसत होते, हाताला लागत होते, एक तर धाकटी खाणारच होती, ताईनं तो परत मांडायला लावला.

पण धाकटी लुगड्याच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. ती म्हणाली, "ताई, इकडून ये. इकडून बघितलं तर चारांच्या सात रांगा आहेत!"

पंतोजी उठले. लुगड्याला वळसा घालून पलीकडं गेले. बघतात तो काय, खरंच की! इकडून सात चोक अठ्ठावीस, तिकडून चार साते अठ्ठावीस. तेच पापड, तेच लुगडं. त्यांनी दोन्ही पाढे वेगवेगळ्या दिवशी शिकवले होते. एकासाठी वेगळी छडी मारली होती, दुसऱ्यासाठी वेगळी. पंतोजी कपाळावर हात मारून लुगड्याच्या कडेलाच बसले. "अरे देवा! एकाच्या जागी दोनदा मारलं रे पोरांना!"

थोरली म्हणाली, "एक झालं." पाणी आरशासारखं स्वच्छ झालं आणि तळाशी शेवंती दिसली. शेवाळाच्या गादीवर गाढ झोपलेली. सगुणानं पाण्याला हात लावला, पण हात तळापर्यंत पोचतोय होय?

झोपलात का रे? नाही ना? मग ऐका.

दुसऱ्या दिवशी पंतोजी सगुणाला बरोबर घेऊनच गेले. छडी मात्र होती हातात. थोरलीनं विचारलं, "तिसरा हिस्सा मोठा की चौथा?"

सगुणा तोंड उघडणार, तेवढ्यात पंतोजीच बोलले. जित्याची खोड! "हे तर अगदीच सोपं. चौथा मोठा. तीनापेक्षा चार मोठे, हे शेंबडं पोरही सांगेल."

सातीजणी नुसत्या बघत राहिल्या. सगुणा घाईघाईनं म्हणाली, "बाई, म्हणायचं नाही, दाखवायचं, असं तुम्हीच सांगितलंत. मामंजींनी नुसतं म्हटलंय. अजून दाखवलेलं नाही." हुशार होती की नाही?

थोरली हसली. "बरं. दाखव."

सगुणानं शिदोरीचं फडकं सोडलं. त्यात दोन भाकरी होत्या. एकावर एक ठेवल्या, कडेला कड जुळली, लहानमोठी नाही. एका भाकरीचे तिनं तीन सारखे वाटे केले. दुसरीचे चार सारखे. मग पंतोजींच्या एका हातावर तिसरा हिस्सा ठेवला आणि दुसऱ्या हातावर चौथा.

पंतोजींनी इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. हात वरखाली केले. चौथा लहान! डोळ्यांदेखत लहान!

"खाणारी तोंडं वाढली की वाटा लहान होतो, मामंजी," सगुणा खाली मान घालून म्हणाली. "आपण घरात तिघं. पाहुणा आला की त्याच भाकरीचे मी चार वाटे करते. तुमचा वाटा तुम्हाला पुरता पडावा म्हणून माझ्यातला थोडा तुमच्याकडं सरकवते. म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही."

तेवढ्यात पंतोजींना दुसरंच काही आठवलं. शाळेत दर शनिवारी ते गुळाचा खडा वाटायला सांगायचे. हुशार पोरांना चौथा हिस्सा, ढ पोरांना तिसरा. बक्षीस म्हणून हो! म्हणूनच शनिवार आला की घोकणपुरातली हुशार पोरं मुद्दाम चुकायची आणि ढ पोरं गालातल्या गालात हसायची. सगळ्यांना माहीत होतं. एकट्या पंतोजींना माहीत नव्हतं. लाजेनं त्यांचे कान लाल झाले.

थोरली म्हणाली, "दोन झाली." पाणी पुन्हा स्वच्छ झालं. तळाशी शेवंती आता जागी होती. उठून बसली होती आणि मासे मोजत होती. सगुणानं जीव तोडून हाक मारली, "शेवंते!"

शेवंतीनं वर पाहिलं. आईकडं पाहिलं. आणि अनोळखी बाईकडं बघावं तसं बघून पुन्हा मासे मोजायला लागली.

सगुणाला रडूसुद्धा फुटेना. थोरली म्हणाली, "उद्या सूर्य बुडाला की ती वरचं सगळं विसरेल. आणि उद्या सूनबाईनं तोंड उघडायचं नाही. उद्या पंतोजी, तू."

तिसऱ्या दिवशी सगळा गाव तळ्यावर लोटला. राजा आला. पण पाढा कुणाच्या तोंडी नाही. शेंगांची गोष्ट गावभर झाली होती ना, जो तो तोंड दाबून उभा.

थोरली म्हणाली, "एकातून एक वजा केला, शून्य. पंतोजी, शून्य दाखव."

आता आली का पंचाईत? जे नाहीच, ते दाखवायचं कसं?

पंतोजींनी छडीनं वाळूत एक गोल काढला. थोरली म्हणाली, "ही तर बांगडी."

पंतोजींनी रिकामी मूठ उघडून दाखवली. थोरली म्हणाली, "हा तर हात."

पंतोजींनी लोटा उपडा केला, पाणी ओतलं आणि रिकामा लोटा पुढं धरला. थोरली म्हणाली, "यात वारा भरलाय."

ऊन उतरायला लागलं. सगुणानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मग पंतोजी उठले. छडी तिथंच पायरीवर टाकली आणि पाठ फिरवून गावाकडं चालायला लागले.

लोक थक्क झाले. पळाला की काय म्हातारा? सख्खी नात पाण्यात सोडून? कुणी शिव्या दिल्या, कुणी खडा मारला. पंतोजींनी मागं वळून पाहिलं नाही.

सूर्य डोंगराला टेकायच्या बेतात होता, तेव्हा ते परत आले. आणि त्यांना बघून लोकांनी तोंडात बोटंच घातली. पंतोजींच्या डोक्यावर तीन पाट, काखेत तीन ताटं, हातात भाताचं पातेलं! ज्या माणसानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं तो! भातही त्यांनीच रांधला होता. अर्धा करपलेला, अर्धा कच्चा. वास सगळ्या घाटावर सुटला.

पंतोजींनी पायरीवर तीन पाट मांडले. पुढं तीन ताटं ठेवली. एका ताटात भात वाढला आणि म्हणाले, "सूनबाई, बस." सासऱ्यानं सुनेला वाढलं! स्वतःआधी वाढलं! सगुणा भीत भीत बसली. मग दुसऱ्या ताटात स्वतःला वाढून घेतलं. तिसऱ्या ताटात काहीच वाढलं नाही. पातेलं खाली ठेवलं आणि ते आपल्या पाटावर बसले.

त्यांनी घास उचलला. तोंडापाशी नेला. आणि हात तिथंच थांबला.

"तीन दिवसांमागं इथं एक होती," ते म्हणाले. पंतोजींचा खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. "तिनं मला विचारलं, आजोबा, म्हणजे काय? मी तिला छडी दाखवली. मग ती गेली. एक होती, एक गेली. आता हे बघा."

आणि त्यांनी तिसऱ्या ताटाकडं बोट केलं.

"चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं, शून्य म्हणजे काही नाही. खोटं सांगितलं. ते समोर मांडलंय आणि मला घास गिळवत नाही."

आणि पंतोजी रडले. सगळ्या गावादेखत, राजादेखत, लहान पोरासारखे ओक्साबोक्शी रडले.

तीन दिवस लोक सातीजणींना बघून दचकत होते, आज त्याच दचकल्या होत्या. धाकटी हळूच पुढं आली. तिनं त्या रिकाम्या ताटाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. म्हणाली, "ताई, हे फार मोठं आहे गं."

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाण्यात राहणारीच्या डोळ्यांत पाणी, बरं का! ती म्हणाली, "आम्ही सात त्या सातच राहिलो. आमच्यातली कधी कुणी गेली नाही. म्हणून आम्हाला शून्य ठाऊक नव्हतं. पंतोजी, दाखवलंस तू."

आणि मग पाणी हललं. पायरीवर पाय वाजले. ओली चिंब शेवंती वर आली. डोक्यात शेवाळ, हातात शिंपला. ती उभी राहिली आणि सगळ्यांकडं बघायला लागली. सगुणानं श्वास रोखला. पंतोजींनी श्वास रोखला. ओळखतेय का? विसरली का?

शेवंती पाटांकडं आली. तिसऱ्या पाटावर मांडी घालून बसली. ताटात बघितलं, आणि तिनं भोकाड पसरलं. "आई गं! आजोबांनी सगळ्यांना वाढलं आणि मलाच भात नाही!"

काय सांगू तुम्हाला! सगुणानं तिला उराशी धरलं. पंतोजींनी पातेलं उचललं आणि वाढत सुटले, वाढत सुटले, ताट भरलं, भात पाटावर सांडला तरी वाढतच होते. शेवंती म्हणाली, "आजोबा, हा करपलाय." तरी सगळा खाल्ला. तीन दिवसांची उपाशी होती पोर.

मग राजानं काय केलं? राजा इतके दिवस नुसता बसून होता, आता त्यालाही काहीतरी करायला नको का? त्यानं सगुणाला शाळेत नेमलं. ती पुढं बसून शिकवायची, आणि पंतोजी शेवंतीशेजारी बसून शिकायचे. सगळ्यात जास्त "म्हणजे काय?" तेच विचारायचे. बाकीची पोरं कंटाळायची. साती आसरा अधूनमधून ओल्या पावलांनी मागच्या दारात येऊन ऐकायच्या, आणि कुणी त्यांना घाबरायचं नाही.

असं सगळं छान झालं. घोकणपुरातली पोरं आता पोटभर विचारतात, पोटभर जेवतात आणि आजीनं दिवा बारीक केला की मुकाट्यानं झोपतात. तुमचं विचारून झालंय, जेवूनही झालंय. आता तेवढं तिसरं करा बघू. पाय पांघरुणात घ्या. हं, मिटा डोळे.